‘सर्वांस खुले’ : मुंबई इलाख्यातील सार्वजनिक संस्था आणि प्रवेशाचा प्रश्न

इ. स. १८५६ च्या जून महिन्यात धारवाड येथील सरकारी शाळेत आपणांस घ्यावे असा अर्ज महार जातीच्या एका मुलाने केला. शाळेची नेहमीची फी भरण्यास तो तयार होता. तथापि त्यास प्रवेश नाकारण्यात आला. अर्ज मुंबई सरकारपर्यंत पोहोचला आणि २१ जुलै १८५६ रोजी सरकारने त्यावर ठराव केला. केवळ न्यायाच्या दृष्टीने पाहता अर्जदाराची बाजू खरी आहे, हे या ठरावात सरकारने स्वच्छ मान्य केले आहे. परंतु युगानुयुगे चालत आलेल्या समजुतींत एका व्यक्तीसाठी एकाएकी हात घालू गेल्यास शिक्षणाच्या कार्याचीच हानी होईल. शिवाय अर्जदाराची अडचण काही या सरकारने निर्माण केलेली नाही. सबब ती दूर करणे सरकारला शक्य नाही, असा त्या ठरावाचा निष्कर्ष आहे. न्याय एका पक्षाकडे व निर्णय दुसऱ्या पक्षाकडे, अशी इतकी उघड कबुली सरकारी दप्तरात क्वचितच आढळते.

हे प्रकरण अभ्यासकांना अपरिचित नाही. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने जे निवेदन सादर केले, त्यात त्यांनी त्याचा सविस्तर परामर्श घेतला आहे. प्रस्तुत लेखात ते पुन्हा घेण्याचे कारण वेगळे आहे. सार्वजनिक संस्था सर्व जातींना खुल्या असाव्यात हे तत्त्व मुंबई इलाख्यात केव्हा मान्य झाले, असा प्रश्न बहुधा विचारला जातो, आणि त्याचे उत्तर देणे फारसे कठीण नाही. ते तत्त्व फार लवकर मान्य झाले होते. कठीण प्रश्न पुढचा आहे : तत्त्व मान्य असताना ज्या संस्थेने ते पाळले नाही तिला त्याबद्दल काय सोसावे लागत होते? आणि तिला काहीच सोसावे लागत नसेल, तर मग तो भार कोणावर पडत होता? या दृष्टीने दप्तर वाचू लागले म्हणजे एरवी किरकोळ वाटणारी वाक्ये अर्थपूर्ण ठरू लागतात. (लेखात ‘अस्पृश्य’ हा शब्द तत्कालीन कागदपत्रांतील शब्द म्हणूनच योजला आहे, हे सांगणे नलगे.)

धारवाडच्या ठरावावर हिंदुस्थान सरकारने जानेवारी १८५७ मध्ये अभिप्राय दिला; बंगालमधील कोणत्याही सरकारी शाळेत त्या मुलास असा नकार मिळाला नसता, असे त्या सरकारचे म्हणणे पडले. पुढे कंपनीच्या संचालक मंडळाने २८ एप्रिल १८५८ च्या खलित्यात निर्णायक मत दिले. सरकारी विद्यासंस्था सर्व वर्गांस खुल्या असाव्यात असाच आमचा हेतू आहे व या तत्त्वापासून आम्हांस ढळता येणार नाही. त्यामुळे काही विद्यार्थी शाळा सोडून गेले तरी चालेल. ज्यांना हे रुचत नसेल त्यांनी आपली वर्गणी काढून घ्यावी आणि आपल्या पैशाने आपल्यापुरत्या निराळ्या शाळा काढाव्यात, असा त्याचा आशय आहे. हा खलिता लिहिला गेला तेव्हा उत्तरेत बंडाचा वणवा विझलेला नव्हता व कंपनीचे राज्य अवघ्या काही महिन्यांचे सोबती होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्यातील स्पष्टोक्तीचे अधिकच आश्चर्य वाटते. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते हे की, ज्याला सहवास नको त्याने खर्च सोसावा, असा खर्चाचा न्याय या खलित्याने घालून दिला होता.

हा न्याय कागदावरच राहिला. तो का राहिला हे समजून घेण्यासाठी शाळांना पैसा कोठून मिळत होता हे पाहिले पाहिजे. शिक्षणासाठी सरकारजवळ पैसा थोडा. तो प्रथम वरिष्ठ वर्गांवर खर्च करावा, मग विद्या आपोआप खाली झिरपेल, अशी मुंबईच्या शिक्षणमंडळाची १८५० च्या सुमाराची विचारसरणी होती. त्यानंतरच्या दशकात जमीनमहसुलावर दर रुपयास एक आणा लोकल फंडाची पट्टी बसविण्यात आली व तिचा एक भाग प्राथमिक शाळांकडे जाऊ लागला. म्हणजे शाळेचा पैसा आता गावोगावच्या कुळाकडून वसूल होत होता. शाळेत बसण्याचा अधिकार मात्र त्या हिशोबाने वाटला जात नव्हता. जोतीराव फुले यांनी १८८२ च्या ऑक्टोबरमध्ये शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनाचा रोख नेमका येथे आहे. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो व त्याचा लाभ उच्च वर्गांच्या शिक्षणास होतो, ही विसंगती त्यांनी आयोगापुढे मांडली. फुल्यांनी १८४८ पासून पुण्यात मुलींसाठी व त्यानंतर महार-मांग मुलांसाठी शाळा काढल्या होत्या. सरकारी शाळेचे दार आतून कसे लावलेले असते हे त्यांना कोणाकडून ऐकावयाचे नव्हते.

हंटर यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाने धारवाडचे तत्त्व पुन्हा एकवार उचलून धरले. केवळ जातीच्या कारणावरून कोणत्याही मुलास सरकारी शाळेत प्रवेश नाकारू नये. आणि जी संस्था सर्वस्वी सार्वजनिक पैशावर चालते, मग तो पैसा प्रांतिक असो, नगरपालिकेचा असो वा लोकल फंडाचा असो, तिला हे तत्त्व लागू करावे, अशी शिफारस झाली. ‘सार्वजनिक पैसा’ ही कसोटी येथे प्रथमच इतक्या नेमक्या शब्दांत आली व ती पुढे शतकभर टिकली. परंतु त्याच वाक्यात आयोगाने एक क्रियाविशेषण घातले : हे सर्व ‘योग्य त्या सावधगिरीने’ करावे. सावधगिरी कोणी, कोणाविषयी व किती दिवस बाळगावयाची याचा उलगडा नाही. याच्याच जोडीला, जेथे पुरेशी मुले असतील तेथे कनिष्ठ जातींसाठी स्वतंत्र शाळांना उत्तेजन द्यावे, अशी दुसरी शिफारस होती. ही शिफारस सद्धेतूची होती यात शंका नाही व अशा शाळांतून अनेक मुले शिकली हेही खरे. तथापि १८५८ च्या खलित्याशी ती ताडून पाहिली तर फरक ध्यानात येतो. खलित्याने निराळी शाळा काढण्याचा भार विरोध करणाऱ्यावर टाकला होता. आयोगाच्या योजनेत निराळ्या शाळेत जावयाचे होते ते ज्याला नाकारले त्याने. त्या वेळची वस्तुस्थिती अशी की, १८८१-८२ साली इलाख्यातील प्राथमिक शाळांतील एकंदर मुलांत या वर्गांचे प्रमाण शेकडा एकही नव्हते, आणि महाविद्यालयात त्यांचा एकही विद्यार्थी नव्हता.

दार उघडल्यावरही संस्थेच्या आत आणखी किती दारे असतात, याचा सर्वांत बोलका पुरावा डॉ. आंबेडकरांच्या स्वतःच्या शालेय आठवणींत सापडतो. साताऱ्याच्या शाळेत त्यांचे नाव पटावर होते, हजेरी लागत होती, शिक्षक शिकवीत होते. पण बसण्यास घरून आणलेले गोणपाट, तेही इतरांपासून दूर; आणि तहान लागली तर नळ शाळेच्या शिपायाने सोडावयाचा. शिपाई नसला तर पाणी नाही. पुढे मुंबईस संस्कृत शिकण्याची इच्छा असता तो विषय त्यांना मिळाला नाही व फारसी घ्यावी लागली. खात्याच्या वार्षिक अहवालात अशा विद्यार्थ्याची नोंद ‘दाखल’ याच रकान्यात होत असे व त्यामुळे तत्त्व पाळले गेल्याचे दिसत असे. संस्थेतील समावेशाचे मोजमाप केवळ पटसंख्येवरून करणाऱ्या आजच्या संशोधकानेही हे गोणपाट व हा नळ दृष्टिआड करू नये.

या पार्श्वभूमीवर कोल्हापूर संस्थानातील प्रयोग निराळा उठून दिसतो. शाहू महाराजांनी १८९४ मध्ये राज्यसूत्रे हाती घेतली तेव्हा सामान्य प्रशासनातील ७१ जागांपैकी ६० व कारकुनी पेशाच्या ५०० जागांपैकी ४९० ब्राह्मणांकडे होत्या. २६ जुलै १९०२ च्या हुकुमाने, यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० मागासलेल्या वर्गांच्या उमेदवारांनी भराव्यात असे ठरले. या हुकुमाची कीर्ती त्यातील आकड्यामुळे झाली आहे व ते स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखकास मात्र त्यातील उरलेल्या दोन कलमांचे महत्त्व अधिक वाटते. ज्या कचेरीत या वर्गांचे प्रमाण आज निम्म्याहून कमी असेल तेथील पुढची नेमणूक याच वर्गातील माणसाची करावी, असे एक कलम. आणि हुकुमानंतर झालेल्या सर्व नेमणुकांचा तक्ता प्रत्येक खातेप्रमुखाने दर तीन महिन्यांनी सरकारात पाठवावा, असे दुसरे. पहिल्याने ‘योग्य वेळ आली म्हणजे पाहू’ या सबबीचा मार्ग बंद झाला. दुसऱ्याने नकार लपविणे कठीण झाले, कारण तक्ता कोरा पाठवावयाचा तर त्याखाली खातेप्रमुखालाच सही करावी लागे. धारवाडच्या मुलाला आपल्या बाजूचा पुरावा स्वतः गोळा करून वर पाठवावा लागला होता. कोल्हापुरात पुरावा देण्याची जबाबदारी कचेरीवर आली. १९१२ पर्यंत ९५ अधिकाऱ्यांत ब्राह्मणांची संख्या ३५ वर आली होती.

या हुकुमात एक उणीव होती व ती सांगितली पाहिजे. मागासलेले वर्ग म्हणजे कोण, याची व्याख्या त्यात वगळून केलेली आहे : ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकीचे सारे. इतक्या विस्तृत व्याख्येत ज्यांच्यापाशी थोडेबहुत शिक्षण व जमीनजुमला होता त्यांना आधी वाट मिळाली यात नवल नाही. अस्पृश्य वर्गापाशी नोकरीस लागणारे शिक्षणच नव्हते आणि शिक्षणास लागणारे राहण्याचे ठिकाणही नव्हते. महाराजांना याची जाणीव झाली असावी, असे त्यांच्या पुढील कृतींवरून दिसते. १९०८ मध्ये मिस क्लार्क वसतिगृह निघाले, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले, आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद करून ती मुले सर्वसामान्य शाळांत बसविण्याचा हुकूम सुटला. त्याच वर्षीच्या आरंभी संस्थानच्या नोकरांना अशी आज्ञा झाली की, अस्पृश्यांना समानतेने वागविणे ज्या कोणास मान्य नसेल त्याने सहा आठवड्यांच्या आत राजीनामा द्यावा. त्यास पेन्शन मिळणार नाही. इंग्रजी मुलखात साठ वर्षे जे ‘सावधगिरीने’ चालले होते त्याला येथे मुदत लागली व दंडही लागला. अर्थात ही आज्ञा एका राजाच्या इच्छेवर उभी होती, हेही विसरता येत नाही. ६ मे १९२२ रोजी महाराजांचे निधन झाले.

राजाची इच्छा असूनही संस्था कोठे अडते याचे उदाहरण बडोद्याचे आहे. सयाजीराव गायकवाडांनी अस्पृश्यांसाठी शाळा फार पूर्वीच सुरू केल्या होत्या व १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते, डॉ. आंबेडकरांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्तीही त्यांनीच दिली. १९१७ मध्ये आंबेडकर कराराप्रमाणे बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा कचेरीतील शिपाई त्यांच्याकडे कागद लांबून फेकीत. शहरात राहावयास जागा मिळेना. पारशांच्या विश्रामगृहातून त्यांना बाहेर काढण्यात आले, आणि दिवाणांकडे गाऱ्हाणे नेले असता त्यांनी असमर्थता दर्शविली. शाळा, शिष्यवृत्ती, पद हे सर्व राज्याने दिले; शहरातील एक खोली राज्याला देता आली नाही. कोल्हापूरने वसतिगृहांवर इतका भर का दिला, हे बडोद्यावरून उमगते.

मुंबई इलाख्यात तत्त्वाची पुढील घोषणा ४ ऑगस्ट १९२३ रोजी झाली. सीताराम केशव बोले यांनी कायदेकौन्सिलात मांडलेला ठराव त्या दिवशी संमत झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले किंवा राखलेले सर्व पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य वर्गांस वापरू द्यावेत, असा तो ठराव. कसोटी तीच, १८८२ ची. ११ सप्टेंबरला सरकारने अंमलबजावणीचा हुकूम काढला. त्याची भाषा बारकाईने वाचण्यासारखी आहे. सरकारच्या मालकीच्या व सरकारने चालविलेल्या जागांबाबत खातेप्रमुखांनी ठराव अमलात आणावा, ही झाली आज्ञा. स्थानिक संस्थांच्या बाबतीत मात्र, ठराव स्वीकारणे इष्ट आहे किंवा कसे याचा त्यांनी विचार करावा असा सल्ला कलेक्टरांनी त्यांना द्यावा, एवढेच म्हटले आहे. आता हे ध्यानात घ्यावे की, त्याच १९२३ साली मुंबईच्या प्राथमिक शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे सोपविला. पाणवठे बहुतांशी आधीच त्यांच्या ताब्यात होते. तेव्हा ज्या दोन गोष्टींशी खेड्यातील माणसाचा रोजचा संबंध, पाणी आणि प्राथमिक शाळा, त्या दोन्ही आज्ञेच्या कक्षेतून निसटून सल्ल्याच्या कक्षेत गेल्या. हे कोणी हेतुपुरस्सर केले असे म्हणण्यास आधार नाही. दोन निराळ्या खात्यांचे दोन निराळे कागद एकाच वर्षी निघाले व त्यांचा एकत्र परिणाम असा झाला. विषमता टिकते ती पुष्कळदा अशाच रीतीने. तिला कोणाच्या कारस्थानाची गरज पडत नाही.

महाडचा इतिहास सर्वश्रुत असल्याने येथे थोडक्यात सांगतो. महाड नगरपालिकेने १९२४ च्या आरंभी ठराव करून चवदार तळे खुले केले. ठराव झाला, तीन वर्षे गेली, कोणी अस्पृश्य तेथे पाणी भरू शकला नाही. आणि त्याबद्दल नगरपालिकेला कोणी जाब विचारला नाही. दरम्यान बोले यांनी १९२६ च्या ऑगस्टमध्ये दुसरा ठराव मांडून संमत करून घेतला. ज्या नगरपालिका व लोकल बोर्डे पहिला ठराव पाळणार नाहीत त्यांची सरकारी अनुदाने रोखावीत, असा तो होता. बोले यांच्या पहिल्या ठरावाचा गौरव सर्वत्र होतो. दुसऱ्याकडे इतिहासकारांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही, असे आमचे मत आहे. नकार देणाऱ्या संस्थेला तिच्या खजिन्यातून काही द्यावे लागले पाहिजे, ही गोष्ट इलाख्याच्या विधिमंडळात या ठरावाने प्रथमच स्पष्टपणे पुढे आली. परंतु कौन्सिलाचे ठराव शिफारसवजा असत. २० मार्च १९२७ रोजी तळ्याचे पाणी प्राशन करणाऱ्या लोकांना त्याच दिवशी मारहाण झाली, आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला.

या सर्व प्रकरणाचे मर्म जर कोणत्या एका सरकारी कागदात उतरले असेल तर ते स्टार्ट समितीच्या अहवालात. मुंबई सरकारने नोव्हेंबर १९२८ मध्ये नेमलेल्या या समितीवर डॉ. आंबेडकर, डॉ. सोळंकी, ठक्कर आदी मंडळी होती व तिचा अहवाल मार्च १९३० मध्ये सादर झाला. सार्वजनिक सोयींचा हक्क मिळवून देण्यासाठी अनेक उपाय सुचविल्यानंतर समितीने स्वतःच्या शिफारशींविषयी शंका बोलून दाखविली आहे. हे हक्क बजावण्याच्या वाटेत दीर्घकाळ अडचणी राहतील असे तिला वाटते. पहिली अडचण उघड मारहाणीच्या भीतीची. बहुतेक प्रत्येक गावात अस्पृश्यांची वस्ती मूठभर व समोर मोठे बहुमत. दुसरी याहून खोल. त्यांना आर्थिक स्वातंत्र्य नाही. कोणी सनातन्यांच्या जमिनी मालकाच्या मर्जीवर कसतात, कोणी त्यांच्या शेतावर मजुरी करतात, आणि उरलेले गावकीच्या कामाबद्दल मिळणाऱ्या भाकरीवर व धान्यावर गुजराण करतात. अशा स्थितीत हक्क बजावला की बहिष्कार पडतो; जमीन जाते, मजुरी बंद होते, बलुते थांबते, दुकानदार जिन्नस देत नाही.

ताळेबंद येथे पुरा होतो. शाळेने मुलाला पडवीत बसविले तर शाळेचे अनुदान घटत नव्हते. मुलाने वर्गात बसण्याचा आग्रह धरला तर बापाचे काम जात होते. स्थानिक संस्थेचा नकार फुकट होता व प्रवेशाची किंमत सर्वांत दुबळ्या घराच्या चुलीवर पडत होती. म्हणून समितीने सामाईक शाळांचा पुरस्कार केला खरा, पण त्याबरोबर वसतिगृहे, शिष्यवृत्त्या आणि या प्रश्नासाठी स्वतंत्र सरकारी अधिकारी हेही सुचविले. त्यानुसार १९३१ मध्ये मागासवर्गीयांसाठी स्वतंत्र खाते अस्तित्वात आले. गावाच्या मर्जीवर न जगणारा एखादा मनुष्य सरकारात असावा, हा त्यामागील व्यवहारी विचार होता.

चवदार तळ्याच्या दाव्याचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी दिला. स्पृश्यांनी सांगितलेली वहिवाट अनादि कालापासूनची असल्याचे सिद्ध झाले नाही, या मुद्द्यावर त्यांचे अपील फेटाळले गेले. पहिल्या परिषदेपासून यास दहा वर्षे लागली. त्यानंतर १९५० च्या संविधानातील पंधराव्या अनुच्छेदाने विहिरी, तळी, स्नानघाट व रस्ते यांची जी यादी दिली, तीत पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या पैशाने राखलेली ठिकाणे असे शब्द आहेत. १८८२ ची ‘सर्वस्वी’ ही अट तेथे गळाली. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने नकार हा दंडनीय गुन्हा ठरला. अपराधी ठरलेल्या व्यवस्थापकाच्या संस्थेचे सरकारी अनुदान रोखण्याची तरतूदही त्यात होती. पण ती सार्वजनिक उपासनास्थानांपुरती. ‘शैक्षणिक संस्था किंवा वसतिगृह’ हे शब्द त्या कलमात १९७६ च्या दुरुस्तीने घातले गेले व ते १९ नोव्हेंबर १९७६ पासून अमलात आले. बोले यांनी अनुदानाचा ठराव मांडला त्यास तेव्हा पन्नास वर्षे झाली होती.